मसुरीचा दाणा आणि परक्याचे चाक

मोटारीच्या टायरमध्ये हवा भरण्याची जी बारीक नळी असते, तिच्या टोपणात मसुरीचा एक दाणा ठेवून टोपण पुन्हा पिळून बसविले, म्हणजे दाणा आतील पिनेस दाबून धरतो आणि हवा हळूहळू, फारसा आवाज न करता, निघून जाते. सकाळी मालक येऊन पाहतो तो गाडी एका अंगास कललेली आणि पुढील काचेवर एक छापील पत्रक. पत्रकाचा आशय असा की, गाडीची हवा जाणूनबुजून काढलेली आहे; मालकास राग येणे स्वाभाविक आहे, परंतु त्याने तो अपमान समजू नये, कारण भांडण त्याच्याशी नसून त्याच्या गाडीशी आहे. मार्च 1922 मध्ये कोणी असे काही केले असते तर तो पोरकटपणा ठरला असता. मार्च 2022 मध्ये ब्रिटनमधील लंडन, ब्रायटन, एडिंबरो इत्यादी शहरांच्या सधन वस्त्यांतून तो सुरू झाला, तेव्हा त्यावरून वृत्तपत्रांत वादाचे रान उठले. करणारांनी आपणांस 'टायर एक्स्टिंग्विशर्स' असे नाव घेतले होते. आग विझविण्याच्या यंत्रास जे इंग्रजी नाव आहे, त्यावर ही कोटी आहे. त्यांचा पुढारी नाही, कचेरी नाही, सभासदांची यादी नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका रात्रीत आठ देशांतील सुमारे 900 गाड्यांची हवा काढल्याचा दावा त्यांनी केला. गाड्या सर्व एकाच जातीच्या: उंच, रुंद, जड, ज्यांस आज सर्वत्र 'एसयूव्ही' म्हणतात त्या.

युक्ती मात्र नवी नव्हे. 2005 साली पॅरिसमध्ये 'ले देगाँफ्ले' नावाची एक टोळी हेच करीत असे, आणि वर गाडीच्या दारांस चिखल फाशीत असे. रानावनासाठी बनविलेली म्हणून विकलेली गाडी शहरात तरी तशी दिसावी, हा त्यातील विनोद. या फ्रेंच शब्दाचा एक अर्थ 'हवा गेलेला' असा आहे, आणि बोलीतला दुसरा अर्थ 'ऐनवेळी कच खाणारा' असा. या दुसऱ्या अर्थाकडे आम्हांस पुढे वळावयाचे आहे. 2007 च्या उन्हाळ्यात स्टॉकहोममध्येही हेच झाले. त्यात भाग घेणारे आंद्रेआस माल्म पुढे लुंड येथील विद्यापीठात अध्यापक झाले, आणि केवळ मोर्चे व निवेदने यांवर विसंबून राहिलेल्या हवामान-चळवळीने मालमत्तेस हात घालण्याचा विचार का करावा, याचे समर्थन त्यांनी 2021 साली इंग्रजीत निघालेल्या एका बहुचर्चित पुस्तकात केले.

या प्रकारास कोणी दहशतवाद म्हणतात. हा शब्द येथे वापरणे म्हणजे भाषेचा अपमान होय. ज्यात कोणाचे रक्त सांडत नाही, कोणास मारण्याची धमकी नाही, आणि जे हवेच्या पंपाने अर्ध्या तासात पूर्ववत् होते, त्यास त्या नावाने हाक मारली, तर खऱ्या दहशतीस काय म्हणावयाचे? परंतु 'काहीच मोडले नाही, मग गुन्हा कसला?' हा बचावही आम्हांस पटत नाही. जर्मनीच्या वरिष्ठ न्यायालयापुढे टायरची हवा काढल्याचाच एक खटला 1959 साली आला होता, आणि वस्तू न मोडताही तिचा उपयोग बंद पाडणे ही नासधूस होऊ शकते, असा निकाल तेथे लागला. आम्हांस तो शहाणपणाचा वाटतो. विहिरीचा दोर कोणी सोडून नेला, तर विहीर शाबूत आहे असे म्हणून तहानलेल्याचे समाधान होत नाही. सारांश, हे कृत्य हिंसा नव्हे, परंतु जबरदस्ती खचित आहे. दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध त्यास एखाद्या गोष्टीपासून रोखणे, मग ते एका सकाळीपुरते का असेना, याचे समर्थन द्यावे लागते.

ते समर्थन थोडके नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने 2019 मध्ये दाखवून दिले की, 2010 ते 2018 या काळात जगातील कार्बन डायऑक्साइड वायूच्या उत्सर्जनात जी वाढ झाली, तिचे वीजनिर्मितीच्या खालोखाल सर्वांत मोठे कारण या गाड्या होत. अवजड उद्योग, विमाने, मालमोटारी सर्व त्यांच्या मागे. 2023 साली जगात विकलेल्या मोटारींपैकी 48 टक्के याच जातीच्या होत्या, आणि रस्त्यावरील अशा सर्व गाड्यांचा वर्षाचा धूर 1 अब्ज टनांच्या वर गेला. मध्यम आकाराच्या साध्या मोटारीपेक्षा अशी गाडी सरासरीने 200 ते 300 किलो जड असते आणि सुमारे 20 टक्के अधिक तेल पिते. इंजिने सुधारली, तेलाची बचत करण्याच्या युक्त्या निघाल्या, आणि ती सर्व बचत गाडीच्या वाढत्या देहाने खाऊन टाकली. धूर बाजूस ठेवला तरी पायी चालणारा माणूस उरतोच. अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या रस्ते-सुरक्षा संस्थेने 2023 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, जिच्या तोंडाची उंची 40 इंचांहून अधिक आहे अशी गाडी पादचाऱ्यास धडकली, तर बुटक्या व उतरत्या तोंडाच्या गाडीपेक्षा तो दगावण्याचा संभव सुमारे 45 टक्के अधिक असतो. आतील मंडळी सुरक्षित वाटावीत म्हणून घेतलेली गाडी बाहेरच्यांस अधिक घातक ठरते, हा व्यवहार साध्या सौजन्याच्याही कसोटीस उतरत नाही.

यावर गाडीच्या मालकाचे एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते आपण सर्वच निरनिराळ्या प्रसंगी देत असतो, म्हणून त्याचा विचार सावकाश केला पाहिजे. तो म्हणतो, 'माझ्या एका गाडीने काय होणार? मी उद्या ती विकली तर जगाचे तापमान एका केसाइतकेही उतरणार नाही.' हे खरे आहे. आणि ते खरे आहे, हीच अडचण आहे. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ डेरेक पार्फिट यांनी आपल्या 1984 च्या 'रीझन्स अँड पर्सन्स' या ग्रंथात याच कोड्याचे एक भयंकर चित्र रंगविले आहे. हजार छळक आहेत आणि हजार बंदी आहेत. प्रत्येक छळक फक्त एक कळ दाबतो, आणि त्या एका दाबण्याने प्रत्येक बंद्याची वेदना इतकी थोडी वाढते की, त्यास ती वाढ जाणवतही नाही. हजारांनी कळ दाबली की सर्व बंदी असह्य वेदनेने तळमळतात. आता यांपैकी कोणत्याही एका छळकास धरा. 'माझ्याने कोणास काय अधिक दुखले, ते दाखवा', असे तो खुशाल म्हणू शकेल, आणि आपणांस ते दाखविता येणार नाही. तरीही त्यास निर्दोष म्हणावयास आपली जीभ रेटत नाही. अर्थात् कृत्याचे माप त्याच्या एकट्याच्या परिणामावरून घ्यावयाचे नसते. आपण ज्यांच्याबरोबर ते करीत आहोत, त्या सर्वांच्या मिळून होणाऱ्या परिणामातील भागीदार म्हणून घ्यावयाचे असते. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण आम्ही मुलांस बचतीसाठी शिकवितो. तळे विषाचे असले म्हणजे थेंबांचा हिशेब बदलतो, असे थोडेच आहे?

परंतु हीच तलवार दुसऱ्या बाजूनेही कापते, आणि हवा काढणारांच्या वकिलांनी याकडे पाहिलेले आम्हांस दिसत नाही. एका गाडीच्या धुराने जग बुडत नाही, तसेच एका गाडीच्या रिकाम्या चाकाने जग वाचतही नाही. कार्यकर्ता म्हणतो, माझा एक दाणा इतरांच्या दाण्यांबरोबर मोजा. मान्य, परंतु मग त्याच्या दाण्याचे सर्व सोबतीही त्याच्या खाती मोजले पाहिजेत. 2023 मध्ये इंग्लंडातील एक्सेटर येथे एका विक्रेत्याच्या आवारातील गाड्यांच्या टायरांस भोके पाडण्यात आली. ते आमच्या पद्धतीत बसत नाही, असे मसूर वापरणारास म्हणता येईल काय? ज्या चळवळीस पुढारी नाही, तिला नकार देणारा अधिकारीही नसतो. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, असे आपले लोक म्हणत आले आहेत, ते याच भीतीने.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. लोकशाही राष्ट्रात कायदा बदलण्याचे मार्ग उघडे असता कोणी परस्पर न्याय का करावा? या प्रश्नास पॅरिसने एक मासलेवाईक उत्तर दिले आहे. 4 फेब्रुवारी 2024 रोजी तेथील नगरपालिकेने जड गाड्यांस रस्त्यावर उभे राहण्याचे शुल्क तिप्पट करावे काय, असा कौल नागरिकांकडे मागितला. बाजूने सुमारे 54.5 टक्के मते पडली, आणि 1 ऑक्टोबर 2024 पासून 1.6 टनांहून जड अशा तेलावरच्या गाडीस, विजेची असल्यास 2 टनांहून जड गाडीस, शहराच्या मध्यभागी ताशी 18 युरो पडू लागले. म्हणजे 2005 साली जे काम काही तरुण अंधारात करीत होते, तेच एकोणीस वर्षांनी नगरपालिकेने पावती फाडून केले. कायद्याच्या पक्षाचा हा विजय म्हणावा, तर पुढील हिशेब पाहावा. तेरा लाख मतदारांपैकी मतदानास आले सुमारे 78,000, म्हणजे शेकडा सहाही नव्हेत. पश्चिमेकडील श्रीमंत विभागांनी विरुद्ध कौल दिला. आणि तरी स्वतःच्या विभागात गाडी उभी करणाऱ्या रहिवाशांस हे वाढीव शुल्क लागूच नाही. त्याचा भार पडला तो मुख्यतः बाहेरून येणाऱ्यांवर, ज्यांस या मतदानात मत नव्हते. लोकमत म्हणजे काय वस्तू आहे, याचा विचार करणारांनी हा प्रसंग जपून ठेवण्यासारखा आहे.

आणि ज्यांस मत नाही अशांची यादी पॅरिसच्या उपनगरांवर संपत नाही. धुराचे खरे फळ ज्यांच्या पदरी पडावयाचे, ते पुष्कळसे अद्याप जन्मास आलेले नाहीत. जे आले आहेत, ते पुष्कळसे दूर देशी राहतात आणि त्यांनी आयुष्यात मोटार विकत घेतलेली नाही. त्यांचा उमेदवार कोणत्याही नगरपालिकेत उभा राहत नाही. 'मतपेटीकडे जा' हा उपदेश म्हणून अपुरा पडतो, हे आम्ही कबूल करतो. कायदा हा ज्यांच्यात झाला त्यांच्यातील करार असतो. तिऱ्हाइतास त्यात जी इजा पोचते, तिचे उत्तर करारातच सापडेल असे नाही.

तेव्हा हे कृत्य केवळ बेकायदा आहे म्हणून आम्ही ते नाकारीत नाही. आमची अडचण निराळी आहे. ती अंधाराची आहे.

बेकायदा कृतीचा धडा आमच्या वाचकांस कोणी परदेशातून आणून द्यावयास नको. 1921 साली मुळशीच्या धरणाविरुद्ध मावळातील शेतकऱ्यांनी सत्याग्रह आरंभिला, तेव्हा सेनापती बापटांनी धरणाच्या कामाची मोडतोड केली. अहिंसेच्या काटेकोर व्याख्येत ते बसत नव्हते, हे त्यांसही ठाऊक होते. परंतु मोडतोड केल्यावर ते पळाले नाहीत. स्वतः होऊन सरकारच्या स्वाधीन झाले आणि तुरुंगात गेले. धरण झालेच. तरी बापटांच्या कृत्याविषयी ज्यांचे मत प्रतिकूल आहे, त्यांसही त्यांच्याविषयी अनादराचा शब्द काढवत नाही, याचे कारण ते कृत्य आणि तो मनुष्य यांच्यामध्ये फट नव्हती. इंग्लंडातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत 1913 च्या फेब्रुवारीत लॉइड जॉर्ज यांच्या बांधून होत असलेल्या घरात पहाटे स्फोट झाला. स्फोट करणारे हात दुसऱ्यांचे होते. परंतु एमेलीन पँखर्स्ट यांनी त्याची जबाबदारी उघडपणे स्वतःवर घेतली आणि तीन वर्षांची सक्तमजुरीची शिक्षा पत्करली. हात अंधारात होते, नाव उजेडात होते.

यावर कोणी म्हणेल, आणि त्यास म्हणण्याचा हक्क आहे, की बेचाळीस साल विसरलात काय? तेव्हा महाराष्ट्रात तारा तुटल्या, रूळ उखडले, आणि करणारांची नावे वर्षानुवर्षे गुप्त राहिली. गांधीजींनी 1944 मध्ये तुरुंगातून सुटून आल्यावर भूमिगतांस उघडपणे बाहेर येण्याचा सल्ला दिला. सर्वांनी तो मानला नाही, आणि साताऱ्याकडील घराघरांतून त्या न मानणारांस भाकरी मिळत राहिली. भूमिगत हा शब्द आपल्याकडे आजही आदराने उच्चारला जातो. मग अंधारास दोष का द्यावा?

भेद आम्हांस असा दिसतो. सातारचा भूमिगत लपत होता तो परक्या सरकारपासून, शेजाऱ्यापासून नव्हे. ज्या गावासाठी तो लढत होता, त्या गावास तो कोण हे माहीत होते, तो चुकला तर त्यास दारात उभा करून विचारणारी माणसे होती. लंडनच्या रस्त्यावर दाणा ठेवणारा लपतो तो पोलिसापासून तर खराच, परंतु त्याहून अधिक ज्याचे मन वळवावयाचे त्या नागरिकापासून. ज्यास पटवून द्यावयाचे, त्याच्याकडेच पाठ. पत्रकाने बोलावयाचे, परंतु पत्रकास उत्तर कोठे द्यावे हे सांगावयाचे नाही. गाडीचा मालक धूर सोडतो आणि तो धूर कोणाच्या छातीत जातो हे पाहावयास थांबत नाही. हवा काढणारा हवा सोडतो आणि सकाळी गाडीपाशी कोण येईल हे पाहावयास थांबत नाही. ज्या दोषाबद्दल तो फिर्याद करतो, त्याचीच ही धाकटी नक्कल आहे.

सकाळी गाडीपाशी कोण येईल, हा प्रश्न काल्पनिक नाही. अपंगांचे चिन्ह लावलेल्या आणि कारागिरांच्या गाड्या सोडाव्यात, असे या मंडळींनी आपल्या सूचनांत लिहून ठेवले होते. तेवढी त्यांची माणुसकी मानली पाहिजे. परंतु माणसाची गरज काचेवर चिकटविलेली नसते. आजारी आईस पहाटे इस्पितळात न्यावयाचे आहे, असे चिन्ह कोणी लावीत नाही. रात्रपाळीची परिचारिका, दूरच्या नातलगाच्या मरणाची वार्ता ऐकून निघालेला मनुष्य, यांस त्या एका सकाळी शहरातील सोईची आगगाडी उपयोगी पडत नाही. असा प्रसंग शंभरात एखादाच येईल, हे खरे. धुराचे बळी त्याहून अगणित, हेही खरे. तरी जो मनुष्य 'माझ्या थोड्याशा कृत्याने कोणाचे काय बिघडते?' या वाक्यावर खवळून घराबाहेर पडला, त्याने तेच वाक्य आपल्या बचावासाठी वापरू नये, एवढी अपेक्षा अवाजवी नाही. गाडीशेजारी उभे राहून मालकाची वाट पाहण्याचे धैर्य असते, तर त्यास निदान विचारता तरी आले असते, की आज जाणे किती निकडीचे आहे. आणि खिशात पंपही ठेवता आला असता.

येथे बसून दुसऱ्यास धैर्याचा उपदेश करणे सोपे आहे, हे आम्ही जाणतो. ब्रिटनने 2022 आणि 2023 मध्ये निदर्शनांविरुद्धचे कायदे कडक केले. लंडनभोवतीचा हमरस्ता अडविण्याचा कट केल्याबद्दल जुलै 2024 मध्ये पाच कार्यकर्त्यांस चार व पाच वर्षांच्या शिक्षा झाल्या. मार्च 2025 मध्ये अपिलात त्या काहीशा कमी झाल्या, तरी उरल्या त्या थोड्या नव्हेत. रस्ता अडविणे हे चाकाची हवा काढण्याहून मोठे खरे, पण ज्या राज्यात निदर्शनाची किंमत वर्षांत मोजली जाते, तेथील तरुण अंधार शोधतात यात त्या राज्याचाही वाटा आहे. नाव घेऊन पुढे येणारास जे सरकार चिरडते, त्याने निनावी लोकांस भित्रे म्हणण्याचा अधिकार गमावलेला असतो. तो शब्द, 'देगाँफ्ले', म्हणून आम्हीही येथे जपूनच वापरू. आम्हांस तो त्या तरुणांपेक्षा त्यांच्या पद्धतीस अधिक लागू वाटतो.

आपल्या देशात हवा काढण्याचा प्रकार अजून वादाचा विषय झालेला नाही. गाड्या मात्र भरपूर आल्या आहेत. आज भारतात विकल्या जाणाऱ्या प्रवासी मोटारींपैकी निम्म्याहून अधिक एसयूव्ही या नावाने विकल्या जातात. त्यांतील पुष्कळ खरोखर प्रचंड नाहीत, कारण गाडीची लांबी 4 मीटरच्या आत आणि इंजिन ठरावीक मापाच्या आत राहिले की कर कमी पडतो. म्हणून कारखानदारांनी अशी गाडी बनविली की जिची ऐट रानातल्या राजाची आणि कायद्याने जात लहान गाडीची. 22 सप्टेंबर 2025 पासून या लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर 18 टक्के झाला, आणि मोठ्या गाड्यांवरील एकूण बोजा, जो अधिभार धरून 50 टक्क्यांपर्यंत जात असे, तो 40 वर आला. मोठ्या गाडीवर कर अजूनही दुपटीहून अधिक आहे, हे तत्त्व चांगलेच म्हटले पाहिजे. परंतु हे तत्त्व काय आहे, जड गाडीने अधिक का द्यावे, आणि अधिक म्हणजे किती, यावर पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांतून त्या महिन्यात एक शब्दही आमच्या कानी आला नाही. सर्व चर्चा होती ती दसऱ्यास गाडी घेतली तर किती स्वस्त पडेल, याची.